खबर खरी पायजे

आमच्या शाळेत प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार असं सगळं आटोपलं तरी मुलं जागची हलत नाहीत, कारण त्यानंतर गावंडे सर बातम्या देतात. देशाच्या नाही, जगाच्या नाही, शाळेच्या. माईक हातात घ्यायचा, घसा साफ करायचा आणि आकाशवाणीवर जन्म गेल्यासारख्या आवाजात सुरू करायचं, "नमस्कार. आजच्या ठळक बातम्या." वीज गेलेली असली तरी ते माईक तोंडासमोर धरतातच. माईकशिवाय सांगितली तर ती बातमी होत नाही, चहाडी होते, असं त्यांचं ठाम मत आहे.

बातम्यांचा मासला सांगते. "इयत्ता नववीचा विद्यार्थी प्रज्वल हा पोटदुखीच्या कारणाने गैरहजर होता. काल तो नेरच्या बाजारात जिलेबी खाताना आढळून आला. पोट आता बरं असल्याचं समजतं." किंवा, "शाळेच्या पाण्याच्या टाकीत बेडूक निघाला. बेडकाची प्रकृती ठीक आहे. टाकी साफ करणं कोणाचं काम, याविषयी मात्र मतभेद आहेत." आणि एकदा, मी शेजारीच उभी असताना, "प्रभारी मुख्याध्यापिकांनी काल रागाच्या भरात टेबलावर हात आपटला. टेबल सुस्थितीत आहे."

ती प्रभारी मुख्याध्यापिका म्हणजे मी. मुलं हसली, शिपाई हसला, प्रज्वल तर जरा जास्तच हसला. मी हसले नाही. संध्याकाळी नेरला घरी पोचले तोवर बातमी पालकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत माझ्या आधी घरी पोचली होती. नवऱ्याने दार उघडताच विचारलं, "हात दुखतोय का?"

सकाळी माईकवर दिलेली बातमी दुपारच्या सुट्टीत ग्रुपवर टाकायची, हा सरांचा शिरस्ता. एका बोटाने, चष्मा कपाळावर चढवून, तोंडाने पुटपुटत टाइप करतात. आणि मग माझ्या फोनची घंटा वाजू लागते. मॅडम, माह्या पोराचं नाव काहून घेतलं? मॅडम, आमी पोराले वावरात नेलं तर गावभर कायले सांगता? मी हे सगळं सरांना ऐकवते. ते शांतपणे ऐकतात आणि विचारतात, "खबर खोटी होती का?"

"खोटी नव्हती, पण..."

"मंग झालं तर. खबर खरी पायजे मॅडम. खरी असली का तिले पाय फुटतेत, आपून काय कराचं?"

माणूस मनाने चांगला आहे, सांभाळून घ्या, असं मला संस्थेचे सचिव सांगतात, सरपंच सांगतात, पोस्टमनही सांगतो. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मनाने चांगल्या माणसांची मला आता धास्तीच वाटते.

सर शिकवतात इंग्रजी, पण शिकवतात वऱ्हाडीतून. "पॅसिव्ह व्हॉइस म्हंजे काय? करणारा लपून बसते अन् काम समोर येते. 'खिडकी फुटली.' कोणं फोडली? कोणी सांगत नाही. थो पॅसिव्ह." गंमत म्हणजे आमच्या शाळेतल्या मुलाला झोपेतून उठवून विचारा, पॅसिव्ह व्हॉइस चुकणार नाही. शाळेच्या खिडक्याही सरांच्या तासाला फुटत नाहीत, कारण फोडणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी ॲक्टिव्ह व्हॉइसमध्ये माईकवर येतं.

ग्रामपंचायतीमागे दोन खोल्यांत ते एकटे राहतात. काकू नागपूरला मुलीकडे गेल्या आहेत. नातू झाला तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, आता तो नातू शाळेत जातो. सरांना विचारलं की म्हणतात, "प्रतिनियुक्तीवर आहे थे. मूळ जागेवर केव्हा येईन, वरून आदेश नाही." हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात की पुढे विचारायची सोय राहत नाही. सकाळी शिपायाच्या आधी ते शाळेत असतात आणि संध्याकाळी शिपायाने कुलूप खुळखुळवल्याशिवाय उठत नाहीत.

एरवीचे गावंडे सर परवडले, पण दहावीची परीक्षा जवळ आली की हा माणूस हाताबाहेर जातो. त्यांचा एक सिद्धांत आहे. "पोट्टे पेपरले नाही भीत मॅडम, जागेले भीतेत." आमची मुलं परीक्षेला नेरच्या केंद्रावर जातात. तिथलं मोठं फाटक, अनोळखी मास्तर, पोलीस, भरारी पथक हे सगळं पाहून त्यांचं पाठ केलेलं पोटात जातं, असं सरांचं म्हणणं. म्हणून दिवाळी झाली की तालमी सुरू. चपला बाहेर काढायच्या, झडती द्यायची, घंटेला बसायचं, घंटेला उठायचं. सर स्वतःच भरारी पथक होतात. काळा गॉगल लावून स्कूटर थेट व्हरांड्यापर्यंत आणतात आणि वर्गात धाडकन शिरतात. मुलांनी मान वर करायची नाही, हा पहिला नियम. कोणीही येवो, काहीही होवो, मान खाली आणि हात चालू.

"काहीही होवो" हे सर शब्दशः घेतात. एकदा पेपर चालू असताना त्यांनी खिडकीखाली थाळ्या वाजवल्या. एकदा वर्गात बकरी सोडली. बकरीने एका मुलाची अर्धी उत्तरपत्रिका खाल्ली. मुलाने मान वर केली नाही, म्हणून सरांनी त्याला शाबासकी दिली आणि दुसऱ्या दिवशी बातमी दिली की सराव परीक्षेचा पहिला पेपर बकरीने तपासला. बकरीचा मालक माझ्याकडे भांडायला आला, की तिला शाई बाधली तर कोण जबाबदार. माझं बी.एड. या प्रश्नासाठी झालेलं नाही.

त्याच तालमींच्या दिवसांत शिक्षण खात्याचे एक साहेब अचानक तपासणीला आले. मी त्यांना दहावीच्या वर्गात नेलं. आत पेपर चालू होता. साहेब दारातून म्हणाले, "नमस्कार मुलांनो." एकही मान हलली नाही. साहेब पुढे जाऊन उभे राहिले, खाकरले, टेबलावर टिचकी वाजवली. पेनं सरसर चालली होती. मी म्हटलं, "मुलांनो, साहेब आलेत, उभे राहा." मला वाटतं मुलांना मीसुद्धा नाटकातलीच वाटले. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी, मान खालीच ठेवून, शांतपणे म्हणाली, "काका, जरा बाजूले सरका. उजेड अडते."

साहेबांनी मला शेऱ्यात काय लिहून दिलं ते इथे सांगत नाही. सरांनी ती बातमी मात्र सविस्तर दिली आणि शेवटी म्हणाले, "तालीम यशस्वी झाली."

काकांना बाजूला सरकवणारी ती मुलगी अंकिता. तिची तोवरची गोष्ट ठाऊक असलेल्याला तो प्रसंग नुसता हसण्यासारखा नव्हता. मलाही ती थोडी आधीच कळली होती, तीसुद्धा चमत्कारिक रीतीने. पहिली सराव परीक्षा झाली त्या आठवड्यात गावंडे सर माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुठलं दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, ही बातमी नाही हं," ते म्हणाले.

अंकिताने सगळेच्या सगळे पेपर कोरे दिले होते. गजाननभाऊंची ही मुलगी. घरची शेती, कापूस आणि तूर. मुलगी अशी हुशार की तोंडी विचारा, प्रश्न संपायच्या आत उत्तर. पण घंटा होऊन छापील पेपर समोर आला की तिचा हात थिजायचा. रडायची नाही, चक्कर यायची नाही, नुसती बसून राहायची. नावसुद्धा लिहायची नाही. तिचे वडील म्हणत होते, यंदा बसवूच नका, नापास झाली तर ती पुन्हा शाळेचं तोंड पाहणार नाही. सरांनी त्यांच्याकडून परीक्षेपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

"कशी लिहील ती?" मी विचारलं.

"आधी नाव लिहिन. मंग पाहू."

आणि मग माझ्या शाळेत जिथे जावं तिथे अंकिता पेपर लिहीत बसलेली दिसू लागली. खिचडी शिजते त्या शेडमध्ये, धुरात. सायकलींच्या रांगेत. बसथांब्यावर. तिच्या घरी पुढच्या खोलीत, बाजारभाव वाढायची वाट बघत, कापूस छतापर्यंत भरला होता, त्या ढिगावर बसवूनसुद्धा सरांनी तिला पेपर दिला म्हणे. रोज नवी जागा. दरवेळी कागद पुढे ठेवून एवढंच म्हणायचं, "नाव टाक. बाकीचं मंग पाहू." सुरुवातीला ती नाव लिहायची आणि सर कागद उचलून घ्यायचे, "झाला आजचा पेपर." एके दिवशी मी माझ्या खोलीत शिरले तर माझ्या खुर्चीवर अंकिता, माझ्या टेबलावर तिचा भूमितीचा पेपर. बाहेर दोन पालक ताटकळत होते. सर दारात उभे राहून त्यांना सांगत होते, मॅडम बिझी आहेत.

मी चिडले. कोणीही चिडलं असतं. पण त्या दिवशी तिने पहिल्यांदा एक अख्खं प्रमेय लिहिलं, आणि मी व्हरांड्यात स्टुलावर बसून पालकांशी बोलले.

यातलं एक अक्षर सरांनी कधी माईकवर काढलं नाही. बेडकाची प्रकृती सांगणारा माणूस या मुलीबद्दल तोंड मिटून होता.

सरांनी दुसऱ्यांदा दार लावून घेतलं ते जानेवारीत. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. मी निरोप समारंभाची तयारी करत होते, शाल-श्रीफळ, मुलांची भाषणं. सर म्हणाले, "काही कराचं नाही. ही बातमी द्याची नाही. पोरायले समजलंच नाही पायजे."

"अहो, पण समजल्याशिवाय राहील का? तुम्ही येणं बंद केल्यावर..."

"मी येणं कायले बंद करतो?"

मी त्यांना नियम समजावला. एक तारखेपासून ते शाळेच्या दृष्टीने परके. परक्या माणसाला वर्गावर पाठवलं तर मला उत्तर द्यावं लागेल. "तुमी नोका पाठवू," ते म्हणाले. "मी आपसूक येतो. दहावीचे पोट्टे आहेत, मधात मास्तर बदलला का बिचकतेत. अन् थे पोट्टी तर..." त्यांच्या जागेवर नवीन कोणी येणार नव्हतंच. आमच्याकडे पद रिकामं झालं की ते रिकामं राहण्यातच मुरतं.

एक तारखेला सर नेहमीच्या वेळेला आले. हजेरीपटापाशी उभे राहिले, खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं आणि वर्गावर गेले. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सचिवांचा फोन आला की मी म्हणायची, हो, निवृत्त झाले, तशी कधीतरी चक्कर मारतात. त्या चकरा दिवसभर चालायच्या.

हे सगळं निभलंही असतं. पण आमच्या कार्यालयात रोशन नावाचा नवा लिपिक आहे. सरांच्या पेन्शनची कागदपत्रं तोच तयार करत होता. मुलगा भाविक आहे आणि त्याला गुलाबाच्या फुलांचे फोटो पाठवायची फार आवड. परीक्षा अगदी तोंडावर आली असताना त्याने पालकांच्या ग्रुपवर सरांचा फोटो टाकला, भोवती गुलाब, खाली "सेवानिवृत्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा". मी ओरडल्यावर त्याने तो काढून टाकला. पण तोवर खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. काहींनी तर सरांना पुढच्या प्रवासासाठी भावपूर्ण शुभेच्छा दिल्या होत्या, जणू माणूस वर चालला आहे.

दुसऱ्या दिवशी अंकिता आली नाही. गजाननभाऊ आले. माझ्यासमोर खुर्ची असूनही बसले नाहीत. "मॅडम, पोरगी घास नाही घेऊन राह्यली. काल मी कागद देल्ला हाती, म्हटलं नाव टाक माय, सर म्हणतेत तसं. नाव बी नाही टाकलं. सर निंगून गेले तर मी कायले बसू, असं म्हणते. आता राहू द्या यंदा. मले पोरगी पायजे, पास-नापास नाही पायजे."

सर दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ते काही तरी समजावतील. ते फक्त म्हणाले, "गजाननभाऊ, उद्या प्रार्थनेले तिले घेऊन या. बस एवढंच करा. मंग तुमी म्हणान तसं."

दुसऱ्या दिवशी गजाननभाऊ मुलीला घेऊन आले आणि फाटकाशी थांबले. अंकिता रांगेत शेवटी उभी होती, डोळे सुजलेले. सुविचार झाला. सरांनी माईक घेतला. त्या दिवशी ते "नमस्कार" म्हणायला विसरले.

"एक महत्त्वाचा खुलासा," ते म्हणाले. "इंग्रजीचे शिक्षक श्री. गावंडे हे सेवानिवृत्त झाल्याचं वृत्त समाजमाध्यमांतून पसरलं आहे. हे वृत्त निराधार आहे. तांत्रिक चुकीमुळे सदर फोटो टाकला गेला. श्री. गावंडे हे सेवेत असून परीक्षा संपेपर्यंत व त्यानंतरही सेवेतच राहतील. या वृत्ताला प्रभारी मुख्याध्यापिकांनी दुजोरा दिला आहे."

आणि माईक माझ्यासमोर धरला.

सगळी शाळा माझ्याकडे पाहत होती. रोशन माझ्याकडे पाहत होता, सुटका झाल्यासारखा. सरांचे कान लाल झाले होते. मी म्हणाले, "हो." सरकारी मान्यता असलेल्या शाळेच्या आवारात, ध्वजस्तंभाच्या बाजूला उभी राहून मी माईकवर खोटं बोलले, आणि तेही एका अक्षरात, कारण दुसरं अक्षर फुटतच नव्हतं.

नंतर खोलीत मी त्यांना फाडून खाल्लं. म्हटलं, उद्या कोणी तक्रार केली तर माझी नोकरी जाईल, तुमची गेलेलीच आहे. गावभर खरं खरं करत हिंडता आणि खोटं बोलायची वेळ आली की मला सोबतीला घेता. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी थकल्यावर म्हणाले, "सगळ्या नोकरीत एक खबर खोटी नाही देल्ली मॅडम. आज देल्ली. तोंड कडू झालं पाहा, औषध घेतल्यावानी." मग म्हणाले, "पोट्टीनं आता लिहिलं म्हंजे झालं."

ती त्या दिवसापासून पुन्हा यायला लागली. शेडमध्ये, स्टुलावर, बसथांब्यावर, नाव टाकत आणि बाकीचं मग पाहत.

पहिला पेपर मराठीचा होता. मी केंद्रावर जाणार नव्हते, पण शाळेतही बसवेना, म्हणून दुपारी नेरला गेलेच. केंद्राबाहेर पोलिसांनी चुन्याची रेघ मारली होती. त्या रेघेच्या अलीकडे, सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर, उन्हात गावंडे सर उभे होते. सकाळपासून तिथेच होते म्हणे. दुकानदाराने स्टूल दिलं ते त्यांनी घेतलं नाही.

घंटा झाली. आमचा पहिला मुलगा बाहेर आला. सरांनी त्याला पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. "अंकितानं पुरवणी घेतली का?"

"मले नाही माहीत सर."

"तुह्या समोरच्या बाकावर होती ना थे?"

"हो, पण मी मान वर नाही केली."

दुसऱ्याला विचारलं, तिसरीला विचारलं. कोणीही पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी सरांची शिकवण तंतोतंत पाळली होती. माझ्या सगळ्या रागाचं त्या दिवशी व्याजासकट उट्टं निघालं, असं म्हणायला हरकत नव्हती. पण सरांचा चेहरा पाहून मला ते म्हणता आलं नाही. हा माणूस बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलाला थांबवत होता आणि प्रत्येक मूल अभिमानाने सांगत होतं, की त्याला काहीच माहीत नाही.

अंकिता सगळ्यांच्या शेवटी आली. पॅड छातीशी धरलेलं. "सर, पुरवणी घेतली. बांधाले दोरा नव्हता, आतल्या मॅडमनं देल्ला."

"ठीक," सर म्हणाले. "घरी जाय. जेव. इंग्रजीचं पाहा." आणि वळून सायकलवाल्याला उगाच झापलं की पंप असा रस्त्यात ठेवतात का.

पुढचे सगळे पेपर ते तसेच रेघेशी उभे राहिले. इंग्रजीच्या दिवशी तर एक पोलीस येऊन विचारून गेला, आपण कोण. सर म्हणाले, "पालक."

शेवटचा पेपर भूगोलाचा. तो सुटल्यावर मुलं बर्फाच्या गोळ्याच्या गाडीभोवती गोळा झाली आणि सर त्यांच्यात उभे राहून नकाशात कोणी काय दाखवलं ते विचारत होते. अंकिता माझ्याजवळ आली. तिच्या ओठांना गोळ्याचा लाल रंग लागला होता.

"मॅडम, एक सांगू? सरायले नोका सांगू."

"काय?"

"आमाले सगळ्यायले माहीत होतं."

मला खरंच कळलं नाही. ती म्हणाली, "सर रिटायर झाले थे. रोशन सरायनं टाकलेला फोटो सगळ्यायनं पाहलता. बाबानं ऑफिसात विचारलं बी होतं. सर माईकवर बोलले तवा बी माहीतच होतं."

"अगं, मग तू बसलीस कशी परीक्षेला?"

ती जरा वेळ गोळ्याच्या काडीशी खेळली. "सर खोटं नाही बोलत मॅडम. कोणाच्या बापाले नाही भेत. अन् माह्यासाठी बोलले, सगळ्या शाळेसमोर. कान कसे लाल झालते त्यायचे. मंग म्या म्हटलं, आता नाही लिहिलं तर सरायचं खोटं बोलणं फुकट जाईन." मग म्हणाली, "अन् वर्गातल्या पोट्ट्यायनं ठरवलं, का कोणी बोलाचं नाही. सरायले वाटाले पायजे का आमाले काही माहीत नाही."

आमच्या गावात कोणाच्या घरी भाजीत मीठ जास्त झालं तरी संध्याकाळपर्यंत चावडीवर कळतं. त्या गावातल्या अख्ख्या दहावीने, आणि त्यांच्या घरच्यांनी, परीक्षाभर तोंडाला कुलूप लावलं होतं. ग्रुपवरसुद्धा कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी रोज तो ग्रुप पाहत होते आणि माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

शाळेत काम उरलं होतं, म्हणून मीही घरी न जाता मुलांबरोबर गावाकडे निघाले, आणि परतीच्या बसमध्ये सर माझ्या शेजारी बसले. मुलं मागे गाणी म्हणत होती. सर भलतेच खुशीत होते. "पाहा मॅडम, कोणाले पत्ता लागला का? उगाच भेत होत्या तुमी. दाबाची म्हटली तर खबर दाबता येते."

या माणसाने माझा राग, माझं टेबल, माझी चिडचिड, सगळं माईकवर दिलेलं आहे. त्याच्याबद्दलची एवढी मोठी बातमी माझ्या तोंडात होती. मी म्हटलं, "नाही लागला पत्ता कोणाला."

थांबे येत गेले तशी मुलं उतरत गेली. उतरताना प्रत्येक जण "येतो सर" म्हणत होता, आणि सर प्रत्येकाला "आता मस्त झोप काढ" म्हणत होते. अंकिता उतरली तेव्हा ती फाट्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत ते खिडकीतून पाहत राहिले. मग बस जवळजवळ रिकामी झाली आणि त्यांची खुशी कुठे गेली कोण जाणे. हातातली रिकामी पिशवी त्यांनी घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली.

"दहावी तर गेली आता," ते म्हणाले.

"हो."

"आता खरं सांगून टाकावं लागन परिपाठात. तुमालेही उगाच तरास झाला."

गाव जवळ आलं होतं. ग्रामपंचायतीची टाकी दिसायला लागली. सर उठले नाहीत. खिडकीबाहेर पाहतच त्यांनी विचारलं, "मॅडम, उद्या नववीचा इंग्रजीचा तास कोणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हता. कागदोपत्री तर फेब्रुवारीपासूनच नव्हता. सचिवांना काय सांगायचं, साहेब पुन्हा आले तर काय दाखवायचं, एका परक्या माणसाला मी किती दिवस वर्गावर जाऊ देणार, हे सगळं मला एकदम आठवलं. आणि मला भरून आलं. मला भरून आलं की मी चिडते, हा माझा जुना स्वभाव आहे.

"तुमच्याकडेच आहे," मी चिडून म्हणाले. "दुसऱ्या कोणाकडे असणार? आणि वेळेवर या."